ज्याचं त्याचं भजन

परवापासून झड लागली आहे. पुण्याच्या माझ्या भाचीला हा शब्द समजावून सांगावा लागतो. "पाऊस पडतोय असं म्हण ना, मावशी!" अगं, पाऊस वेगळा अन् झड वेगळी. पाऊस येतो, धिंगाणा घालतो आणि निघून जातो. झड मुक्कामाला येते. ना धड कोसळत, ना धड थांबत, नुसती झिरझिर चालू. आगपेटीतली काडी पेटत नाही, बरणीतलं मीठ पाझरतं, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, आणि घरातली माणसं उगाच एकमेकांवर खेकसायला लागतात. आमच्या अकोल्यात उन्हाळ्यानं इतका जीव काढलेला असतो की झडीला शिव्या द्यायचीही चोरी. मघाशी गच्चीवर जाऊन मोर्णा नदी पाहून आले. गढूळ, फुगलेली, पण आपल्या हद्दीत. "राह्य माय अशीच," असं तिला सांगून खाली आले आणि चहा ठेवला.

चहात आलं किसताना गाळाचा वास आला. घरात गाळ कुठला? भिंतींना केव्हाच नवा रंग दिलाय. पण झड लागली की तो वास माझ्या नाकात आपोआप उठतो, आणि मग पूर आला तो पावसाळा सगळाच्या सगळा आठवत बसतो.

जुन्या शहरात नदीच्या अंगाला आमची गल्ली. मोर्णा आम्हाला शेजारणीसारखी. उन्हाळ्यात ती असते की नाही हेही कोणी विचारत नाही. त्या झडीत ती सकाळी पायरीला लागली, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही. जेवायच्या वेळेला चुलीपाशी आली. मग काय, जे हाताला लागलं ते घेऊन अख्खी गल्ली शाळेच्या वरच्या मजल्यावर. मी त्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे कोणत्या वर्गाची कडी लागत नाही हे मला ठाऊक होतं, तेवढाच माझा उपयोग. गॅलरीतून खाली पाहिलं तर मारुतीच्या देवळाचा मंडप अर्धा बुडालेला. आमच्या महिला भजनी मंडळाची पेटी, ढोलकी, टाळ, सगळं त्या मंडपातल्या कपाटात.

अशा वेळी बोलणार कोण? वच्छलाबाईच. आमच्या मंडळातली ही सगळ्यात खणखणीत आवाजाची बाई, माहेर तेल्हाऱ्याचं, गुडघे दुखरे आणि जीभ तिखट. तिचं भजन होतं, "ये रे बा विठ्ठला, पाय धुवाले पानी ठेवलं." पदर डोक्यावर ओढून पुराकडं पाहत ती म्हणाली, "मायबाई, मी आपली गुरुवारच्या गुरुवारी पानी ठेवलं, पानी ठेवलं म्हनत बसली. देवाले वाटलं असंन, हिच्याजोळ एक तांब्याच हाय, आपूनच पाठवू!"

त्या वेळी आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या वर्गांतून पोट्टे पाहायला आले. घरं पाण्यात आणि बाया हसून राहिल्या. पण हसलो म्हणून तो दिवस निघाला, हे खरंच.

आता इथं आमच्या मंडळाचा एक कायदा सांगायला हवा. कोणी केला, कधी केला, कोणालाच ठाऊक नाही. ज्याचं भजन त्यानंच उचलायचं. प्रत्येकीचं एक भजन असायचं, बहुतेक माहेराहून आलेलं. वच्छलाबाईचं तिच्या वडिलांकडून, ते तेल्हाऱ्याला बंडी हाकता हाकता म्हणायचे. माझं बार्शीटाकळीच्या आत्याकडून, कापूस वेचताना ऐकलेलं: "फुटलं बोंड, हासला हरी, येचता येचता भरली झोळी." ती बाई पुढं म्हणणार, बाकीच्यांनी मागं धरायचं. दुसरीचं भजन तिच्या हयातीत कोणी उचलायचं नाही. भाकरी थापताना गुणगुणायचंसुद्धा नाही. बाई गेली की तेरवीच्या दिवशी मंडळ तिच्या घरी बसायचं आणि तिचं भजन कोणा एकीच्या ओटीत घालायचं. तेव्हापासून ते तिचं. म्हणजे जित्या बाईचं भजन दुसरीनं उचलणं हे तिचं मरण चिंतण्यासारखं. भाची म्हणते, "मावशी, हा तर कॉपीराइट झाला." म्हटलं, हो, पण तुमच्या कॉपीराइटात तेरवीचं जेवण नसते.

पाणी उतरलं आणि गाळ राहिला. काळा, चिकट, फावड्याला सोडेना. देवळातलं कपाट आडवं पडलेलं. पेटीचं लाकूड असं फुगलं होतं की एक पट्टी दाबली की शेजारच्या तिघी तिच्यासोबत खाली बसायच्या, आणि भाता दाबला की आतून चिखलाचं पाणी. तिच्यात आता राम उरला नव्हता. टाळ मात्र गाळातून एकेक करत निघाले. आम्ही ते अंगणात चिंच लावून घासले, स्वच्छ पितळी रंग आला, पण जोड्या सगळ्या मोडलेल्या. कोणता टाळ कोणाचा, कसं कळावं? मग दोन दिवस बाया अंगणात बसून टाळावर टाळ मारून कान देत बसल्या. "हा नाई... हाबी नाई... हं! हा पाह्य कसा बोलला!" गाळ काढून काढून हात सुजलेले, घरात कोरडी चादर नाही, आणि गल्लीभर टण् टण् चालू. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, पुरानं या बायांचं डोकं फिरलं. मला विचाराल तर पुरानंतरचे तेच दिवस मला सगळ्यात गोड वाटतात.

ढोलकी रशीदभाईंकडं दिली. देवळासमोर त्यांचं ढोलकी-तबले मढवायचं दुकान. त्यांचंही सगळं पाण्यात गेलेलं, नवी मढवलेली ढोलकी तरंगत पुलापर्यंत गेली म्हणे. मी हळहळले तर ते म्हणाले, "बाई, रोनेका नै. आपल्या गल्लीत सगळ्यांचीच धुलाई झाली. आता साफसूफ माणसं राहिली." वर्षानुवर्षं गुरुवारी दुकानात बसून ते आमची भजनं ऐकत आलेले. ढोलकी उतरली की तिथूनच ओरडायचे, "खिंचो, खिंचो, गला बैठ गया उसका!" देऊळ वाळायला वेळ लागणार हे दिसत होतं. ते स्वतःच येऊन शांताबाईंना म्हणाले, "मंदिर सुकेल तवा सुकेल. तोवर माह्या दुकानात बसा. जागा धुवून ठेवली."

शांताबाई आमच्यात सगळ्यात वडील. मंडळाचा कायदा म्हणजे शांताबाई. त्यांनी दुकान पाहिलं, रशीदभाईंच्या बायकोनं अंथरलेली सतरंजी पाहिली आणि म्हणाल्या, "आसन तं आमच्या देवळापेक्षा बरं हाय."

तर असा तो पुरानंतरचा पहिला गुरुवार. भिंतीवर छातीइतक्या उंचीला पाण्याची रेघ, तिच्या खाली आम्ही बसलेल्या. कातड्याचा आणि सरसाचा वास. ढोलकी नव्यानं मढवलेली, टाळ जोडीनं. नमन झालं. शांताबाईंनी त्यांचं भजन म्हटलं. मी माझं म्हटलं. आणखी दोघीचौघींनी आपापलं म्हटलं. मग पुढं उचलायला कोणी उरलंच नाही.

कारण बाकीच्या होत्या कुठं? पूर ओसरल्यावर गल्ली पांगली होती. कोणी गावाच्या टोकाला खडकीला भाड्यानं गेलं, कोणी मलकापूरला भावाकडं. कुसुम पुण्याला मुलाकडं. वच्छलाबाईच्या घराची मागची भिंत बसली, तेव्हा तिच्या मुलीनं तिला अमरावतीला नेलं आणि पुन्हा नदीकाठी पाठवायची नाही असं बजावून सांगितलं. प्रत्येकीनं जाताना आपलं भजनही सोबत नेलं होतं. आमच्या मंडळाची अर्धीअधिक गाणी आम्हाला तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही म्हणायची सोय नव्हती.

"वच्छलाबाईचं म्हनू का?" एकीनं हळूच विचारलं.

शांताबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की बस्स. "काहून? तेरवी जेवून आली का तिची?"

झालं. टाळ पिशवीत गेले. रशीदभाई चहा घेऊन आले तर बाया निघालेल्या. "इतने में खतम?" ते विचारत राहिले. पुढच्या गुरुवारी आणखी कमी आल्या. त्याच्या पुढं दोघी येऊन पायऱ्यांवर बसून भाजीच्या गप्पा मारून गेल्या. पेटी गेली याचं मला काही वाटलं नव्हतं, पेट्या दुकानात मिळतात. पण मंडळ संपलं हे मला सहन होईना. मी लग्न होऊन गल्लीत आल्यापासून ती ढोलकी ऐकून जेवणाची वेळ ओळखलेली बाई. आणि "पानी ठेवलं"ची ती चाल, मधेच वर जाऊन थबकणारी, ती वच्छलाबाईसोबत एका अपार्टमेंटमध्ये पडून विरून जाणार, या विचारानं मला झोपेतही राग यायचा.

राग मला लवकर येतो. शाळेत पोरं घाबरायची. मी वच्छलाबाईला फोन लावला. "तुमी येऊन राहिल्या का नाई? गुरुवार बंद पडला तुमच्यापायी."

"माह्यापायी? मी मोर्णेले बोलावलं होतं का?"

"मंग भजन तरी देऊन टाका कोनाले."

मग ती म्हणाली, "जितेपनी मागून राहिली का, सुमन?" आणि फोन ठेवला. मी दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. यांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं, झड लागली. बाहेर कडक ऊन होतं.

दसरा झाल्यावर मात्र राहवेना. एस.टी. पकडली आणि अमरावतीला निघाले. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्हीकडं कपाशी फुटलेली, पांढरं पांढरं शेत. पुरात ज्यांचं खरडून गेलं त्यांचं गेलं, पण वरच्या अंगाला पीक बरं होतं. खिडकीतून ती बोंडं पाहताना तोंडात आपोआप माझं भजन यायला लागलं आणि मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. दोन्ही एकदम चालत होतं.

बडनेरा रोडवर ते अपार्टमेंट. दुपार कलती. गेटातून आत शिरले आणि जागीच उभी राहिले.

"फुटलं बोंड, हासला हरी..."

पार्किंगमध्ये स्कूट्या बाजूला सारून सतरंजी टाकलेली. त्यावर ओळखीच्या नसलेल्या बाया, कोणी गाऊनवर ओढणी घेतलेली, कोणी ऑफिसातून तशीच आलेली. टाळांच्या जागी दोन वाट्या. आणि मधे गुडघे दुखतात म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली वच्छलाबाई, माझं भजन उचलून!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिशवी टाकली आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "मी मेली का वो, वच्छलाबाई? तेरवी झाली का माही?"

भजन थांबलं. एक पोरगी घाबरून उठलीच. वच्छलाबाई माझ्याकडं पाहतच राहिली. तिचा चेहरा रागाचा झाला, मग ओशाळला, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. तिला रडताना मी पुरातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मंग काय करू, बाई?" ती म्हणाली. "माहं भजन माह्या तोंडातच हाय, ते कुठं जाते? म्हनलं तरी हाय, नाई म्हनलं तरी हाय. तुमाले ऐकाले कुठं जाऊ मी? तुहं म्हनलं का तू दिसतं, डोळे वटारून टाळ वाजोनारी. कुसुमचं म्हनलं का कुसुम दिसते, मधात खोकनारी. शांताबाईचंबी म्हनलं म्या. सांगजो मा त्याईले. पाप लागत असंन तं लागू दे. इथं एकटीनं माहंच म्हनत बसली असती, तं येडी झाली असती."

फोनवर मी तिचं भजन मागत होते, आणि ही इथं बसून आम्हा सगळ्यांना सांभाळून राहिली होती. मला माझी लाज वाटली, आनंद झाला, आणि थोडा रागही शिल्लक होता, कारण तिनं दुसरं कडवं आधी घेतलं होतं. तेही मी बोलून दाखवलं. "हो मास्तरीन, आता मले शिकोजो," ती म्हणाली आणि डोळे पुसून हसली. "पन आलीच तं बस मागं. मागं धर."

मी सतरंजीच्या कडेला बसले. मघाची घाबरलेली पोरगी माझ्या शेजारी. तिनं हळूच विचारलं, "आंटी, हे बोंड म्हणजे नक्की काय हो?" येताना स्टँडसमोर कापसाच्या एका बंडीतून पडलेलं बोंड उचलून मी पिशवीत टाकलं होतं, ते काढून तिच्या हातावर ठेवलं. ती ते उलटसुलट करून पाहत राहिली. वच्छलाबाईनं पुन्हा उचललं.

इतकी वर्षं मी ते भजन पुढं म्हणत आले. पुढं म्हणणाऱ्याला पुढच्या ओळीची काळजी असते, दमाची काळजी असते, ढोलकीकडं लक्ष असतं. भजन ऐकू येतं ते मागच्यांना. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते मागून ऐकलं. आत्याचं भजन, वच्छलाबाईचा आवाज, आणि कापसाचं शेतही न पाहिलेल्या बाया "भरली झोळी" म्हणून ते माझ्याकडं परत पाठवत होत्या. किती चांगलं भजन आहे हे! मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. मी मागं धरलं आणि मनसोक्त रडले. नंतर त्या बायांनी गिलावडा खाऊ घातला. दह्यातला तो थंडगार वडा खाताना वच्छलाबाईनं मला कुसुमचं भजन तीनदा म्हणायला लावलं, चाल नीट आहे का ते पाहायला.

अकोल्याला आल्यावर शांताबाईंना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "माहंबी म्हनलं तिनं?"

"म्हनलं. माहंबी म्हनलं. मी जिती हाय का नाई पाहा."

शांताबाईंनी खरोखर माझ्या दंडाला चिमटा काढला. चांगला करकचून. "हाय," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या दंडालाही एक चिमटा काढला. "अन् मीबी हाय, म्हना."

त्या गुरुवारी मी घरोघर जाऊन सगळ्यांना ओढून आणलं. खडकीची आली, मलकापूरची आली. रशीदभाईंनी ढोलकी गरम करून ठेवली होती. माझी पाळी आली, तेव्हा मी माझं भजन घेतलंच नाही. "ये रे बा विठ्ठला," मी उचललं. एकीनं चटकन कानाला हात लावले. शांताबाईंनी डोळे मिटले आणि ओठ पुटपुटू लागले, बहुतेक वच्छलाबाईसाठी मारुतीला काही कबूल करत असाव्यात. "पाय धुवाले पानी ठेवलं." कोणीच मागं धरेना. मी तशीच पुढं गेले, एकटी. ती वर जाऊन थबकणारी जागा आली आणि मला ती साधेना. तेव्हा मागून शांताबाईंचा म्हातारा, घोगरा आवाज आला आणि त्यानं मला ती जागा चढवून दिली. मग काय, सगळ्याच आल्या. रशीदभाई दारात उभे राहून मान डोलावत होते.

पण घरी आल्यावर मला भीती वाटली. उगाच कशाला खोटं बोलू? इतक्या पिढ्यांचा कायदा आणि तो मोडणारी मी. सकाळी चहा ठेवताना फोन वाजला, अमरावतीचा, तर आधी मारुतीला हात जोडले आणि मग उचलला.

"सुमन," वच्छलाबाईचाच आवाज, ठणठणीत. "काल दिवे लागाच्या टायमाले मले अशा उचक्या लागल्या, अशा उचक्या लागल्या, पानी पेलं, साखर खाल्ली, थांबेच ना. कोन म्हनलं माहं?"

"मी."

"बरं झालं का?"

"तुमच्यासारखं नाई झालं."

"मंग पुन्हा म्हन," ती म्हणाली.